नेट चालू, पैसे भरलेले, पण कंपनीच्या यादीत नाव नाही

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या भागात फायबरचं नेट घेताना लोक दोनच गोष्टी विचारतात, स्पीड किती अन् महिन्याचे किती. कनेक्शन नेमकं कोणाच्या नावावर राहणार, हे कोणी विचारत नाही. आमचा जवळपास अख्खा वार्ड त्यातच फसला, म्हणून हे लिहितोय.

नेट जोडून देणारा पोरगा तोंडओळखीचा. आधी डिशच्या छत्र्या बसवायचा. एका नावाजलेल्या कंपनीचा लोगो असलेलं कार्ड, अंगात तसाच टी-शर्ट. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर नेण्याच्या सरकारी योजनेची, पेटी आहेच, तिचा त्यानं बरोबर फायदा घेतला. "काका, सरकारी फायबर हाये, त्याच्यावर कंपनीचं नेट. सहा महिन्याचे एकदम भरा. बिल पायजे असन तर जीएसटी वेगळा लागन, तुमीच पाहा." साडेतीन हजार प्लॅनचे आणि दीड हजार राउटरची अनामत. ऐकायला स्वस्त वाटतं. पण ४९९ च्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याचे साधारण ५८९ होतात, सहा महिन्यांचे साडेतीन हजारांच्या किंचित वर. म्हणजे कराची रक्कम त्यानं घेतलीच, फक्त बिल दिलं नाही.

नेट सुरू झालं आणि दिवसा मस्त चाललं. स्पीड टेस्ट लावली की त्या नावाजलेल्या कंपनीचंच नाव दिसायचं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. संध्याकाळी जेवणं आटोपून सगळे मोबाइल घेऊन बसले की मात्र सगळं गोल गोल फिरत राहायचं. "वांदरानं केबल ताणली", "लाइन गेलती म्हून स्विच बसला", त्याच्याजवळ कारण तयार. आमच्याकडे वांदरं केबल ओढतात आणि लाइनही जाते, त्यामुळे ते खरंच वाटायचं.

मग बारावीच्या पोरांचे सीईटीनंतरचे प्रवेशाचे पर्याय भरणं चालू असतानाच नेट पूर्ण बंद पडलं. त्या नेटवाल्या पोराचा फोन लागेना. शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला लावला. तिकडच्या बाईंनी माझा मोबाइल नंबर तपासला, शेजाऱ्यांचाही तपासला. दोन्ही नंबरांवर कनेक्शनच नव्हतं.

त्याच्याच हाताखाली केबल ओढणाऱ्या एकाकडून पुढचं कळलं. त्या नेटवाल्या पोरानं स्वतःच्या दुकानाच्या नावावर एकच मोठा प्लॅन घेतला होता आणि तिथून स्विच (एका लाइनच्या अनेक लाइनी करणारी पेटी) लावून घरोघरी वायर फिरवली होती. परवान्याशिवाय असं नेट विकता येत नाही. कंपनीच्या लक्षात आलं, तिनं मूळ कनेक्शन तोडलं आणि आम्ही सगळे एका झटक्यात अंधारात. स्पीड टेस्टमध्ये कंपनीचं नाव दिसायचं कारण मूळ लाइन तिचीच होती.

खरी अडचण यापुढे आहे. कंपनीचे अधिकृत ग्राहक असाल तर ट्रायच्या, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) द्यावाच लागतो, समाधान झालं नाही तर अपील करता येतं, आणि त्या अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. आमच्याजवळ ग्राहक क्रमांकच नव्हता, तर तक्रार कशावर नोंदवणार? उरलं फक्त त्या पोराच्या मागे लागणं. त्याला दिलेले पैसे यूपीआयवर दिसतात, पण नाव त्याच्या साळ्याचं. नगदी देणाऱ्यांजवळ तर तेवढाही पुरावा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं. आता यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, हे आम्हाला आत्ता कळलं.

गावोगावचे केबलवाले कंपनीची फ्रँचायझी घेऊन काम करतात, त्यातले बरेच प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या क्यूआरवर पैसे घेणं म्हणजे लगेच लबाडी नव्हे. फरक कळतो तो आधार घेऊन केवायसी करतात का, यावरून, आणि पैसे भरल्यावर कंपनीचा मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो का, यावरून. बिलावर जीएसटी क्रमांक असतो. १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ पासून सुरू होणारा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे ते दिसतं.

नवीन कनेक्शन घेताना मी वायर घरात येण्याआधी कंपनीच्या ॲपवर स्वतः एक महिन्याचे भरले. जोडायला आलेला नवा पोरगा कुरकुरला, "आमच्यावर भरोसा नाही काय काका?" नाही म्हटलं. ग्राहक क्रमांक आल्यावरच त्याला शिडी लावू दिली.

जुना पोरगा आता नेरकडच्या गावांत वेगळ्या कार्डावर फिरतो, असं ऐकतो. तिकडे कोणी "सरकारी फायबर" म्हणून सहा महिन्यांचे आगाऊ मागत असेल तर आधी त्याच्या एखाद्या चालू गिऱ्हाइकाचा ग्राहक क्रमांक घ्या, आणि त्याच गिऱ्हाइकाला तो कंपनीच्या हेल्पलाइनवर वाचून दाखवायला सांगा.