उत्तरायणाचं कमी तेलाचं उंधियु आणि भोगीचा सेट: दांडिया बाजारातलं घरगुती किचन

आधीच सांगते, उंधियु घ्या, भोगीची भाजी तर डोळे मिटून घ्या, पण ती खजूरपोळी शुगरवाल्या माणसासाठी म्हणून अजिबात घेऊ नका.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एक काकू घरूनच सणाच्या ऑर्डरी घेतात, यंदा त्यांनी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कमी तेलाचा मेनू ठेवला होता. आमच्याकडे सासूबाईंना शुगर, सासऱ्यांना बीपी, त्यात सुरतहून नणंद पोरांना घेऊन येणार, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस सगळे गच्चीवर पतंगात आणि खाली उतरले की लगेच ताट हवं, म्हणून भोगीचा सेट १३ ला आणि उंधियु १४ ला सांगितलं.

उंधियु खरंच मस्त! बाजारातल्या डब्यात वर तेलाचा थर असतो तसा इथे नव्हता. काकू मुठिये, म्हणजे मेथी-बेसनाचे मुटके, वाफवून घेतात आणि मग थोड्या तेलात तिळाबरोबर परततात, बटाटा, रताळं, जांभळा कंद पण तळत नाहीत, वाफेवरच शिजवतात, आणि तेल वाचतं ते इथेच कारण तळताना मुठिये न् कंद भरपूर तेल पितात आणि एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. चव कुठे कमी पडली नाही, हिरवा लसूण, कोथिंबीर, ओलं खोबरं सगळं सढळ हाताने. पापडीच्या शेंगांचा रंग जरा उतरलेला होता, नणंद म्हणाली, "वहिनी, शिळी नाही ना ही?" फोन करून विचारलं तर काकू म्हणाल्या सोडा घालतच नाही. सोड्याने हिरवा रंग टिकतो पण सोडियम पण वाढतं, आणि बीपीवाल्यांना नेमकं तेच नको असतं, त्यामुळे मला तर हा रंगच आवडला. मुठिये मात्र गार झाले की घट्ट होतात, गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा.

आणि तेल कमी म्हणजे शुगरवाल्यांनी कितीही खावं असं नाही हां, कंद-रताळं-बटाटा सगळा स्टार्चच. सासूबाईंना मी पापडी, वांगं, तुरीचे दाणे जास्त वाढले, कंदाच्या दोनच फोडी, आणि पुरीऐवजी बाजरीची भाकरी.

आता भोगी. वांगं, गाजर, ओला हरभरा, पावटा, शेंगदाणे, बोरं, वरून तिळाचं कूट, बरोबर मुगाच्या डाळीची खिचडी आणि तीळ लावलेली भाकरी. यात काकूंनी काहीच "हेल्दी" केलेलं नाही, आपल्या आज्या करायच्या तशीच भाजी, थंडीतल्या भाज्या न् शेंगा एकत्र, आणि पूर्ण मेनूत मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. दोन दिवसांच्या खाण्यात पोरांनी मागून घेतलेली भाजी ही एकच, पावटे वेचून वेचून खात होती. भाकऱ्या तेवढ्या घरी थापा, सकाळी आलेल्या दुपारपर्यंत कडक झाल्या.

खजूरपोळीवर खरंच राग आला. पाकिटावर "शुगर फ्री, डायबेटिक स्पेशल" लिहिलंय, अहो पण सुकलेल्या खजुरात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते, ती रक्तात जाणारच ना? गुळाचं पण तेच, साखर आणि गूळ यांच्या कॅलरीत फारसा फरक नाही. चव चांगली आहे, पण असं लेबल वाचून एखादी आजी निर्धास्तपणे तीन पोळ्या खाईल आणि रात्री शुगर कुठे जाईल सांगा. काकूंना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, लेबल बदलते म्हणाल्या, बघूया. सासूबाईंना आम्ही अर्धी नेहमीचीच गूळपोळी दिली, भाकरी कमी करून, आणि त्या खूष होत्या. तीळगुळाचे लाडू काकू सुपारीएवढे करतात, ते फार बरं केलंय, तिळात निम्मं तेलच असतं आणि त्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येक जण हातावर एक ठेवतोच.

उंधियु ४४० रुपये किलो पडलं, बाजारापेक्षा थोडं महाग पण पैसे वसूल. डिलिव्हरी रावपुऱ्यापर्यंतच, पुढे स्वतः जाऊन आणावं लागतं आणि १४ ला सकाळी त्या गल्लीत गाडी नेऊ नका, चालत जा.