हार्ड डिस्कला झोपवणाऱ्या कमांड : वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून मी घरचा फाइल सर्व्हर केलाय. सिस्टीम छोट्या एसएसडीवर, आणि फोटो, गाणी, व्हिडिओ हे सगळं दोन साडेतीन इंची फिरणाऱ्या डिस्कवर. शिवाय मागे यूएसबीला लटकवलेली एक बॅकअपची डिस्क आणि बाबांच्या नाट्यसंगीताच्या सीड्या कॉपी करायला ठेवलेला डीव्हीडी ड्राइव्ह. दिवसा काही कळत नाही हो, पण रात्री पंखा बंद केला की त्या डिस्कची घरघर अख्ख्या घरात ऐकू येते, आणि एक दिवस आई म्हणालीच, "ते तुझं जातं रात्रभर काय दळत असतं रे?" तिथून हे सगळं सुरू झालं. त्या मशीनला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, त्यामुळे जे काय करायचं ते लॅपटॉपवरून एसएसएच मारून, म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनमध्ये शिरून, टर्मिनलमध्येच, म्हणून हा रिव्ह्यू फक्त कमांडचा.

सुरुवात अर्थातच एचडीपार्मपासून. मार्क लॉर्ड यांनी लिहिलेलं हे टूल रुंद आयडीई केबलच्या जमान्यातलं आहे आणि ते वापरताना जाणवतं पण. कमांडपुढे डॅश आणि एक अक्षर लावून काय करायचं ते सांगायचं, ते अक्षर स्मॉल का कॅपिटल यानेही फरक पडतो. बहुतेक जण स्मॉल टी लावून डिस्कचा स्पीड बघतात आणि सोडून देतात, खरी मजा पुढे आहे. स्मॉल वाय दिलं की डिस्क तिथल्या तिथे स्टँडबायला जाते, म्हणजे आतल्या तबकड्या थांबतात पण डिस्क ऐकत असते, कोणी फाइल मागितली की परत फिरायला लागते. पहिल्यांदा ही कमांड मारली आणि तो "ट्टक... ऊंऊं..." करत उतरत जाणारा आवाज आला ना, खोटं नाही सांगत, मी उठवून परत मारली, परत ऐकायला. कॅपिटल वाय मात्र वेगळं, ते डिस्कला एकदम गाढ झोपवतं, इतकं की रीसेट केल्याशिवाय ती उठत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो रीसेट आपण होऊन करतो पण माझ्यासारख्याला त्याची गरजच पडत नाही, सो एका शिफ्ट कीचा फरक आहे हे लक्षात ठेवा. आणि कॅपिटल सी हे माझं सगळ्यात आवडतं, डिस्क जागी आहे का झोपलीय एवढंच विचारतं आणि स्टँडबायमधल्या डिस्कला विचारताना उठवत नाही. आपल्याकडे "झोपलास का?" असं विचारून झोपलेल्याला उठवायची पद्धत आहे, त्या मानाने हे फारच सुसंस्कृत.

आता कॅपिटल एस. किती वेळ काम नसलं की आपोआप झोपायचं ते याने ठरवायचं. तुम्हाला वाटेल २० मिनिटं हवीत तर २० लिहायचं. नाही. १ ते २४० हे आकडे ५ सेकंदांच्या पटीत, म्हणजे २० लिहिलंत तर १०० सेकंद, १२० म्हणजे १० मिनिटं, २४० म्हणजे २० मिनिटं. मग २४१ पासून एकदम अर्ध्या अर्ध्या तासाच्या उड्या, २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, असं करत २५१ म्हणजे साडेपाच तास. मग २५२ म्हणजे परत मागे येऊन २१ मिनिटं, २५३ म्हणजे ८ ते १२ तासांमधलं कंपनीच्या मनात येईल ते, आणि २५५ म्हणजे २१ मिनिटं १५ सेकंद. ते १५ सेकंद कोणाला हवे होते देव जाणे. याचा दोष एचडीपार्मला देऊ नका, डिस्कच्या मूळ स्टँडर्डमध्येच हा कोष्टकाचा प्रकार आहे, टूल बिचारं आकडा तसाच पुढे ढकलतं. मी आधी साधं २० लिहून बसलो होतो आणि डिस्क दर दीड-दोन मिनिटांनी झोपते-उठते-झोपते-उठते, मला वाटलं गेली डिस्क, बॅकअप घ्यायला लागलो घाबरून.

अजून एक गोम. माझ्या एका डिस्कवर कॅपिटल एस दिलं तरी ढिम्म, काही फरक नाही. कारण कॅपिटल बी नावाचं वेगळं सेटिंग असतं पॉवर मॅनेजमेंटचं, त्यात १ ते १२७ असेल तरच थांबायची परवानगी, १२८ ते २५४ असेल तर फिरतच राहणार. ते २५४ वर होतं, १२७ केलं आणि गाडी रुळावर आली. सगळ्याच डिस्कना हे सेटिंग नसतं, दुसरीला नाहीये आणि तिचं काही अडलं पण नाही. बरं हे सगळं लावलं आणि मशीन बंद करून चालू केलं की डिस्क सगळं विसरते, म्हणून डेबियनमध्ये इटीसी फोल्डरमधल्या एचडीपार्म डॉट कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. आणि तिथे एसडीए एसडीबी असली नावं लिहू नका, ती बूट झाल्यावर अदलाबदल होऊ शकतात, डेव्ह, डिस्क, बाय आयडी या फोल्डरमधलं सीरियल नंबरवालं लांबलचक नाव घ्या.

एचडीपार्मचं मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, जरूर वाचा, पण वाचताना हात कीबोर्डवरून बाजूला ठेवा. यात फर्मवेअर बदलणं, सेक्टर पुसणं असले जीवघेणे ऑप्शन पण आहेत आणि त्यातल्या काहींना चालवायला "प्लीज डिस्ट्रॉय माय ड्राइव्ह" असं खरंखुरं टाइप करावं लागतं. इतकं नम्रपणे स्वतःचं वाटोळं करून घेण्याची सोय मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बघितली नाही. एचडीपार्मला माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क त्या कोष्टकाचा कापला.

पण खरं सांगू का, डिस्कला झोपवणं हे एका कमांडचं काम आहे, तिला कोण उठवतंय ते शोधण्यात माझा आख्खा महिना गेला. मी मोठ्या हौसेने २४१ लावलं होतं, म्हणजे अर्धा तास. आणि डिस्क काही केल्या झोपेना. घरात कोणी फाइल उघडत नाहीये, मी ऑफिसमध्ये, बाबा वामकुक्षी घेतायत, आणि कॅपिटल सी म्हणतंय ॲक्टिव्ह. शेवटी सापडलं काय, तर डिस्कची तब्येत बघायला मीच बसवलेलं स्मार्टडी, स्मार्टमॉनटूल्स या पॅकेजमधला मागे चालत राहणारा प्रोग्राम. ते डीफॉल्टला दर ३० मिनिटांनी डिस्कची नाडी तपासतं, आणि माझ्या डिस्कवर ती नाडी तपासली की झोपेचं घड्याळ परत शून्यापासून. माझाही अर्धा तास, त्याचाही अर्धा तास! डिस्क डोळे मिटणार तेवढ्यात डॉक्टर हजर. आधी स्मार्टडी डॉट कॉन्फमध्ये स्मॉल एन आणि स्टँडबाय लिहिलं, म्हणजे झोपलेली असेल तर तपासू नको, पण त्याने काही झालं नाही कारण मुळात ती झोपतच नव्हती ना. मग वेळ २४० वर आणली, २० मिनिटं, आणि दोन्ही मिळून काम झालं. त्याच पॅकेजमधली स्मार्टसीटीएल कमांड हाताने चालवताना पण तोच स्मॉल एन स्टँडबाय लावायचा, नाहीतर नुसतं तापमान बघायला गेलात तरी डिस्क उठून बसते. दुसरा चोर होता फाइल शोधणाऱ्या लोकेट कमांडचा रोजचा इंडेक्स, तो दिवसातून एकदा सगळी फोल्डरं पालथी घालतो, त्याच्या अपडेटडीबी डॉट कॉन्फमध्ये जिथे वगळायची फोल्डरं लिहितात तिथे या दोन डिस्कचे रस्ते टाकले. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज म्हणून उत्तम आहे, ५ पैकी ५ देईन, डिस्क मरायच्या आधी कळवतं अजून काय पाहिजे, पण ही ३० मिनिटांची गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

आता यूएसबीवाली डिस्क. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, घेतलेलं बिननावाचं केसिंग आहे, आत जुनी डिस्क. एचडीपार्म मारलं की "बॅड, मिसिंग सेन्स डेटा" असं काहीतरी आणि खाली हेक्सच्या आकड्यांची रांगोळी. झालंय असं की यूएसबी आणि साटा, म्हणजे डिस्कची मूळ जोडणी, यांच्या मध्ये केसिंगमध्ये एक ब्रिजची चिप असते, दुभाष्यासारखी, आणि स्वस्तातल्या दुभाष्याला ही भाषाच येत नाही. तिथे एचडी-आयडल कामाला येतं. याची युक्ती साधी आहे, डिस्कला काही विचारतच नाही, कर्नलच्या डिस्कस्टॅट्स नावाच्या नोंदीत वाचन-लिखाणाचे आकडे बघत बसतं आणि ठरलेला वेळ आकडे हलले नाहीत की सरळ स्कझी या डिस्कशी बोलायच्या दुसऱ्या भाषेतली थांब म्हणणारी कमांड पाठवतं. डीफॉल्ट १० मिनिटं, आणि आकडे सरळ सेकंदात, ६०० म्हणजे ६०० सेकंद, काय बरं वाटलं म्हणून सांगू. आधी ते सी मध्ये होतं, नंतर गो भाषेत परत लिहिलं गेलंय. प्रत्येक डिस्कला वेगळा वेळ देता येतो. सेट केलं आणि विसरलो, यापेक्षा मोठी पावती काय. ५ पैकी साडेचार. तुमच्याकडे सगळ्या डिस्क यूएसबीलाच असतील, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांच्या असतात तशा, तर एचडीपार्मच्या नादी लागूच नका, सरळ हे टाका.

एक सांगतो, लाइट बिल कमी होईल म्हणून करत असाल तर फार आशा ठेवू नका. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण ४-५ वॅट खाते, झोपली की एक वॅटच्या आत. माझ्या दोन डिस्क दिवसाचे २० तास झोपल्या तरी महिन्याला ५ युनिटच्या आसपास वाचतात, तेवढ्यात चहा-वडापाव होईल. खरा फायदा आवाज आणि उन्हाळ्यात कपाटाखाली साठणारी उष्णता. आणि फार कमी वेळ लावून सारखी झोपवू-उठवू पण नका, हेड (डिस्कवर वाचणारा-लिहिणारा भाग) पार्क होण्याच्या, म्हणजे बाजूला जाऊन बसण्याच्या फेऱ्यांना डेटाशीटवर मर्यादा दिलेली असते, बऱ्याच डिस्कना ३ किंवा ६ लाख, आणि वीज वाचवणाऱ्या काही डिस्क तर ८ सेकंदांत आपण होऊन हेड पार्क करायच्या, त्यांचा हा आकडा मीटरसारखा पळायचा. तोटा एकच आहे, झोपलेली डिस्क उठायला ८-१० सेकंद घेते, तेवढ्यात बाबांनी टीव्हीवर गाणं चार वेळा दाबलेलं असतं आणि मग ते चार वेळा चालू-बंद होतं.

काढता येणाऱ्या गोष्टींसाठी यूडिस्कसीटीएल. याचं नाव उच्चारायला जीभ वळत नाही पण काम अव्वल. माउंट, अनमाउंट आणि पॉवर-ऑफ, तीन शब्दांत खेळ. मशीनसमोर बसून वापरलं तर पेन ड्राइव्हसाठी सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही, एसएसएचवरून मात्र पासवर्ड मागतं. आमच्या घरी एका लग्नाचे व्हिडिओ मावशीला पेन ड्राइव्हवर दिले होते, कॉपी संपली असं दिसलं म्हणून मी खसकन उपसला, तिकडे घरी जाऊन लावला तर अर्धे व्हिडिओ उघडेनात आणि नेमके विहिणींच्या पंगतीचेच गेले. लिनक्समध्ये कॉपी संपली म्हणजे रॅमपर्यंत पोचली असं असू शकतं, पेन ड्राइव्हवर लिखाण मागून चालूच असतं, ते सगळं उतरेपर्यंत अनमाउंट परत येत नाही, म्हणून ते अडकल्यासारखं वाटलं तरी कंट्रोल सी मारून ते मध्येच तोडू नका, थांबा. पॉवर-ऑफ त्याच्या पुढे जाऊन यूएसबीचं पोर्टच बंद करतं, फिरणारी डिस्क असेल तर आधी नीट थांबते आणि मग उपसता येते. त्यानंतर ती परत दिसायला हवी तर केबल काढून लावावी लागते हे लक्षात असू द्या, मी एकदा ऑफिसमधून पॉवर-ऑफ मारलं आणि मग बॅकअप घ्यायला आईला फोन करून "मागची निळी वायर काढ आणि परत लाव" सांगत बसलो, तिने वायफायची काढली.

अनमाउंट करताना "टार्गेट इज बिझी" आलं की एफयूझर किंवा एलएसओएफ या कमांडने डिस्क कोण वापरत बसलंय ते बघा, दहातल्या नऊ वेळा आपलंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये बसलेलं असतं. सीडी, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, मारून बाहेर या, झालं. ५ पैकी साडेचार यालाही.

आणि शेवटी इजेक्ट, ज्याच्यावर माझा खरा जीव आहे. जेफ ट्रँटर यांनी लिहिलेलं हे छोटं टूल आता यूटिल-लिनक्स या लिनक्सच्या मूळ टूलच्या संचाचाच भाग आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आयतं असतं. नुसतं इजेक्ट म्हटलं की ट्रे बाहेर, स्मॉल टी लावलं की आत, कॅपिटल टी लावलं तर उघडा असेल तर बंद आणि बंद असेल तर उघडा. लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हला ट्रे आत ओढायची मोटरच नसते, तिथे स्मॉल टीचा उपयोग नाही, डेस्कटॉपवालाच हवा. माझ्या सीडी कॉपी करायच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत इजेक्ट आहे, त्यामुळे सीडी झाली की ट्रे आपोआप बाहेर येतो आणि बाबा पुढची सीडी ठेवतात, त्यांना टर्मिनल वगैरे काही बघावं लागत नाही. अशा दीडशेच्या वर सीड्या झाल्या. पूर्ण ५ पैकी ५. फक्त मी वरच्या खोलीतून स्मॉल टी मारून ट्रे आत घेतो ना, तेव्हा बाबा अजूनही दचकून हात मागे घेतात आणि वर बघून ओरडतात, "अरे, सांगून तरी घे!"