फूल दिसते, झाड ओळखू येत नाही : देशी व आक्रमक प्रजातींच्या छायाचित्रसंचाविषयी

निफाड तालुक्यातील एका शाळेच्या निसर्गदालनासाठी आम्ही मागच्या वर्षी देशी आणि आक्रमक प्रजातींचा एक छायाचित्रसंच ऑनलाइन मागवला. ४८ छापील तक्ते आणि त्यांच्या डिजिटल प्रती मिळून १,८०० रुपये पडले. शाळेपासून नांदूर मध्यमेश्वर, म्हणजे २०२० मध्ये जाहीर झालेले राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), सायकलच्या अंतरावर असल्यामुळे तक्त्यातले चित्र बाहेरच्या झाडाशी ताडून पाहणे मुलांना सहज जमते, आणि पुढील बहुतेक निरीक्षणे त्या ताडून पाहण्यातूनच आलेली आहेत.

संचातील सर्वांत उत्तम तक्ता जलपर्णीचा, म्हणजे आपल्याकडच्या पाणवेलीचा आहे. जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवरील पिवळा ठिपका सगळेच टिपतात. या छायाचित्रकाराने मात्र फुगीर देठ उभा चिरून आतला स्पंजासारखा, हवेने भरलेला भाग दाखवला आहे, शेजारी मोजपट्टी ठेवली आहे आणि आडव्या धुमाऱ्याने मूळ रोपाला जोडलेले पिल्लूही चौकटीत घेतले आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती तरंगते कशी आणि बियांची वाट न पाहता पाणी झाकून टाकते कशी, ही दोन्ही उत्तरे एकाच चित्रात मिळतात. मुलांनी कालव्यातून एक रोप आणून ब्लेडने त्याचा देठ चिरला, तेव्हा तक्त्यातलेच दृश्य त्यांच्या हातात होते.

बाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्या बाबतीत मात्र ही काळजी घेतलेली नाही. दोन्ही तक्त्यांवर निळ्या आकाशापुढची एकेक काटेरी फांदी आहे आणि नावे झाकली तर कोणती कोणाची हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. वास्तविक देशी बाभळीचे फूल गोल पिवळ्या गोंड्यासारखे असते आणि तिची शेंग प्रत्येक बीजापाशी आवळत गेल्यामुळे मण्यांच्या माळेसारखी दिसते. उलट वेड्या बाभळीचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा लोंबतो आणि शेंगेला तशी खोल आवळण नसते. शेळ्या असलेल्या घरातील एका मुलीने तक्ता पाहताच विचारले, ‘‘बाई, यात शेंगा कुठंयत?’’ संपादनाच्या टेबलावर हाच प्रश्न कोणी विचारला असता तर बरे झाले असते. घाणेरीचेही तसेच झाले आहे : गुलाबी-पिवळ्या फुलांचा गुच्छ देखणा आला आहे, पण चौकोनी, खरखरीत खोड आणि समोरासमोरची पाने चौकटीबाहेर राहिली आहेत.

सर्वांत गंभीर चूक ‘सोनकी’ या नावाखाली आहे. सोनकीची पाने साधी, दातेरी कडांची असतात. छापलेल्या फुलाची पाने बारीक चिरलेली आणि पाकळ्या रुंद, नारिंगी, टोकाशी कातरलेल्या आहेत. तो मेक्सिकोकडून आलेला कॉसमॉस आहे. सह्याद्रीच्या रानफुलांच्या रांगेत परदेशी फूल बसवणे ही अशा संचात तरी क्षम्य चूक नव्हे. विक्रेत्याला सविस्तर कळवले, त्यावर ‘पुढील आवृत्तीत पाहू’ एवढेच उत्तर आले.

आणखी एक उणीव संकल्पनेची आहे. परदेशी प्रजाती आणि आक्रमक प्रजाती यांतला भेद संचात कुठेही स्पष्ट केलेला नाही. मादागास्करचा गुलमोहर आणि गाजर गवत एकाच लाल पट्टीखाली छापले आहेत. द्राक्षबागायतदाराच्या मुलाने ‘मग आमची द्राक्षंही आक्रमकच का?’ असे विचारले, तेव्हा बाहेरून येणे वेगळे आणि आपसूक पसरून स्थानिक झाडाझुडपांची जागा बळकावणे वेगळे, हे फळ्यावर लिहून समजवावे लागले. निफाडात हा प्रश्न निघणारच होता, टोमॅटोचा अजून कोणी काढलेला नाही.

देशी विभागात मोर, पळस, वाघ अशी नेहमीची मंडळी आहेत. अंजनेरीच्या डोंगराचेच नाव लाभलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही रानवनस्पती त्यात नाही, हे नाशिककराला खटकते. कागद आणि छपाई चांगली आहे. परवाना फक्त वर्गात लावण्यापुरता असून पुस्तिकेत छापण्यासाठी वेगळे पैसे मागतात, आणि एकाही चित्राखाली ठिकाण, तारीख किंवा छायाचित्रकाराचे नाव नाही. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर अशा नोंदी बहुधा चित्रासोबतच मिळतात. तेथील परवाना वाचून आणि श्रेय देऊन घेतलेले चित्र मला या कामासाठी अधिक भरवशाचे वाटते. पूर्ण संच घेण्याऐवजी विक्रेता सुटे तक्ते देत असेल तर पाणवेलीचा अवश्य घ्यावा.

सध्या ४८ पैकी २१ तक्ते भिंतीवर आहेत. सोनकीची जागा रिकामी ठेवली आहे. पावसाळ्याच्या अखेरीस अंजनेरीच्या पठारावर जाऊन तिचा फोटो काढायचे ठरले आहे, पानांसकट.