ओ सोवाज: लिंबू उडून गेल्यानंतरचा वास

दिऑरचं 'ओ सोवाज' हे परफ्युम उन्हाळ्याच्या तोंडावर घेतलं होतं, आता दिवाळी होऊन गेली. मे महिन्याचा घाम, पावसाळा, ऑक्टोबर हीट हे सगळं त्याने माझ्याबरोबर लेडीज डब्यात काढलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

घेणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. दुकानात नुसतं 'सोवाज' म्हणालात तर २०१५ साली आलेली गडद निळी-काळी बाटली पुढे येते. ते परफ्युम वेगळं, बरंच दांडगं. मी सांगतेय ते १९६६चं. नावातला 'ओ' बघून मगच पैसे द्या.

पहिल्या फवाऱ्याला लिंबू आणि बर्गमॉट. इटलीच्या कालाब्रियात होणारं हे फळ, अर्ल ग्रे चहाला त्याचाच वास असतो. लिंबापेक्षा कडसर, साल नुकतीच खरवडल्यासारखं. मागून रोझमेरीचा, बेसिलचा हिरवटपणा येतो. फार सुंदर, पण भर उन्हात प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत संपतं. 'एवढे पैसे घेऊन अर्ध्या तासात गायब' ही तक्रार इथूनच येते. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनीन मुळातच हलकं, कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते उडणारच.

माझ्या मते खरं परफ्युम त्यानंतर सुरू होतं. ते बनवणाऱ्या एडमाँ रुदनित्स्का यांनी त्यात हेडिओन नावाचं द्रव्य वापरलं. सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या फिर्मेनिश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना जाईच्या अर्काचा अभ्यास करताना त्याचा माग लागला होता. आज ते असंख्य परफ्युम्समध्ये असतं, पण ठसठशीतपणे पुढे आणलं ते याच बाटलीने.

पांढऱ्या फुलांचा वास म्हटला की आपल्या डोक्यात मोगरा नाहीतर निशिगंध. गोड, जड, बंद खोलीत डोकं उठवणारा. जाई-मोगऱ्यात इंडोल असतं, त्याचा वास जास्त झाला तर थेट डांबरगोळीकडे झुकतो. हेडिओनमध्ये तो जडपणा अजिबात नाही. जुईचा वेल शेजारच्या बिल्डिंगवर आहे आणि वारा आपल्या बाजूचा आहे, इतकंच. शिवाय त्यात लिंबाची किंचित झाक असल्यामुळे वरचं लिंबू कधी संपलं आणि फूल कधी आलं, तो सांधा सापडत नाही. मला तरी अजून सापडलेला नाही.

गंमत अशी की हा भाग लावणाऱ्याला फारसा जाणवत नाही. नाक सरावतं. मला वाटायचं संपलं, आणि परतीच्या गाडीत शेजारी बसलेली मैत्रीण म्हणायची, "अगं, गजरा कुठे माळलायस? दिसत तर नाहीये." खोक्यावर 'पुरुषांसाठी' असं छापलंय. छापू देत.

तळाशी कडू, मातकट वास राहतो, ओकमॉस आणि व्हेटिव्हरचा. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं, दगडफुलाच्या जातीचं काहीतरी. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळाच. ओकमॉसवर आता बंधनं आहेत. त्यातल्या अ‍ॅट्रानॉलने त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपने २०१७ साली त्यावर बंदीचा नियम केला. जुन्या बाटल्या जपून ठेवलेले लोक आताच्या बाटलीला नावं ठेवतात ती बहुतेक याचमुळे. ऑफिसातल्या एकीला हाच तळ 'काकांच्या आफ्टरशेव्हसारखा' वाटतो. तिचं अगदीच चूक नाही.

मनगटापेक्षा सुती ओढणीवर जास्त टिकतं, दुसऱ्या दिवशी घडी उलगडली तरी फूल असतं. रेशमावर मारू नका, डाग पडू शकतो. सगळ्यात चांगलं पावसाळ्यात लागलं. दमट हवेत लिंबू दबतं आणि फूल ओलं, हिरवं होतं. एसीत मात्र ते गप्पच असतं. बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, उष्णतेने आणि हवेने लिमोनीन बिघडतं आणि वरचा ताजेपणा आधी जातो. माझी कपाटात, साड्यांच्या मागे असते.

खोलीत शिरल्यावर चार लोकांनी वळून बघावं अशी अपेक्षा असेल तर हे घेऊ नका, त्या पैशात दुसरं पुष्कळ मिळेल. मी पुन्हा घेणार आहे, पण १०० मिलीऐवजी ५०ची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्धी भरलेली मोठी बाटली सांभाळण्यापेक्षा ते बरं.