‘सुम्मा थिओलॉजिए’चा ७८ वा प्रश्न : काही महिन्यांच्या वापरानंतर

मध्ययुगीन युरोपातील व्याजविचार समजून घेण्यासाठी गेले काही महिने मी तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील ७८ वा प्रश्न (ग्रंथातील प्रकरणांना ‘प्रश्न’ म्हणतात) इंग्लंडच्या डॉमिनिकन पंथाच्या पाद्र्यांच्या अनुवादातून नियमित वापरतो आहे. अनुवाद इंटरनेटवर विनामूल्य मिळतो, प्रश्नाची कलमे चारच आहेत आणि भाषा स्वच्छ आहे. पण कर्ज दिल्यामुळे बुडालेल्या नफ्याबद्दलचे त्याचे मत पाहायचे असेल, तर हा प्रश्न एकटा पुरत नाही.

पहिल्या कलमातील युक्तिवाद परिचयाचा आहे. धान्य किंवा मद्य वापरले की संपते, तसाच पैसाही खर्चूनच वापरला जातो, म्हणून मुद्दलाखेरीज वापराचे मोल मागणे अन्याय्य ठरते. खरा ऐवज दुसऱ्या कलमात, पहिल्या आक्षेपाच्या छोट्या उत्तरात आहे. कर्ज दिल्यामुळे धनकोच्या हक्काचे काही बुडाले, तर त्याच्या भरपाईचा करार त्याला करता येतो. मात्र त्या पैशावर नफा झाला असता म्हणून भरपाई ठरवता येत नाही, कारण जे अजून हाती आलेले नाही आणि अनेक कारणांनी हुकू शकते, ते विकता येत नाही. आपल्याकडच्या दामदुपटीने व्याजाच्या रकमेला मर्यादा घातली. इथे मुळात व्याज कोणत्या कारणाने मागावे याचाच शोध चालला आहे, आणि म्हणून हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

त्याच कलमात पुढे अक्वायनस असेही मान्य करतो की व्यापाऱ्याकडे भागीदारीत ठेवलेल्या पैशाची जोखीम मालकाचीच राहते, म्हणून त्याने नफ्यातील वाटा घेणे योग्य आहे. म्हणजे भांडवलावरील नफ्याला त्याचा विरोध नाही. शेजारी ६२ व्या प्रश्नाचे चौथे कलम ठेवले की चित्र आणखी बदलते: पेरलेल्या बियाण्यात पीक जसे केवळ शक्यतेच्या रूपाने असते, तसा पैशात नफा असतो, म्हणून दुसऱ्याचा असा संभाव्य लाभ बुडवणाऱ्याने काही भरपाई द्यावी, पण पूर्ण नफ्याइतकी नव्हे.

हेच बीज फ्रान्सिस्कन पंथाच्या पीटर ऑलिव्हीने तेराव्या शतकाच्या शेवटी उलट दिशेने वापरले. धंद्यासाठी निश्चित केलेल्या भांडवलात नफ्याची बीजशक्ती आधीच असते, म्हणून त्याचे मोल निव्वळ पैशापेक्षा अधिक, असे त्याचे म्हणणे. त्याच्याही आधी चर्चच्या कायद्याचा पंडित होस्टिएन्सिस याने, जत्रांमध्ये व्यापार करणाऱ्याने गरजूला सद्भावनेने कर्ज दिले तर बुडालेल्या नफ्याची भरपाई घेण्यास मुभा दिली होती. मला ऑलिव्हीची बाजू अधिक पटते, कारण जत्रेला निघालेल्या व्यापाऱ्याचा पैसा आणि घरात पडून असलेला पैसा यांतील फरक ७८ व्या प्रश्नातील उत्तर विचारात घेत नाही. पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन प्रवचनकार सिएनाच्या बर्नार्दिनोने ऑलिव्हीचा हा विचार, त्याचे नाव न घेता, आपल्या प्रवचनांत मांडला.

फ्लॉरेन्समध्ये हा वाद प्रत्यक्ष व्यवहारात उतरला. तेथील सरकारने नागरिकांकडून सक्तीने घेतलेली कर्जे १३४५ च्या सुमारास एकत्रित केली आणि त्यांवर वार्षिक रक्कम दिली; कर्ज स्वेच्छेचे नसल्याने ही रक्कम नुकसानभरपाईच आहे की नाही, यावर धर्मपंडितांत दुफळी झाली.

लॅटिन येणाऱ्यांनी लिओनाइन आवृत्ती घ्यावी, कारण तीत अक्वायनसचा भाष्यकार काजेतान याचे भाष्य मूळ मजकुरासोबतच छापलेले आहे आणि सोळाव्या शतकातील भूमिका ताडून पाहता येते. इतरांनी अनुवादच घ्यावा, पण ६२ वा प्रश्न आधी वाचावा.