आगमनकाळाची मनन पुस्तिका: दोन डिसेंबर वापरून झाल्यावर

2024 ला आणि परत 2025 ला, अशी दोन वर्षं मी ही एकच पुस्तिका वापरली, त्यामुळे आता नीट सांगू शकते की कशी आहे. आगमनकाळासाठी म्हणजे अ‍ॅडव्हेंटसाठी, नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळासाठी आहे, चार आठवड्यांची 28 मननं आणि 25 डिसेंबरचं एक वेगळं पान. दर दिवसाला समोरासमोर दोन पानं, डाव्या बाजूला वचन आणि मनन, उजव्या बाजूला चार-पाच वाक्यांची प्रार्थना आणि तिच्याखाली पाच रिकाम्या ओळी, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं लिहायला. स्पायरल बाइंडिंग आहे त्यामुळे उघडून ठेवली की सपाट राहते, एका हाताने धरावी लागत नाही, आणि फॉन्ट खरंच मोठा आहे. ज्यांना कुणाच्या तरी उशाशी बसून वाचायचंय त्यांना या दोन गोष्टींची किंमत कळेल.

आता मी कुठल्या परिस्थितीत वाचली ते सांगते, कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण शब्द फुटत नाही. ज्या बाईने इतक्या वर्षांत रविवारची उपासना चुकवली नाही ती पलंगावर, आणि मी त्यांच्या पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देतेय, रात्रीसुद्धा. डिसेंबर लागला, फोनवर शुभेच्छांचे मेसेज, जिकडेतिकडे आनंद करा आनंद करा, आणि माझ्याकडून साधी प्रार्थना होत नव्हती. देवावर राग नव्हता पण, फक्त थकले होते खूप.

तर पहिल्या आठवड्याचा विषय आहे आशा आणि सुरुवात बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायापासून, "अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे". हे वचन दर नाताळात ऐकतो आपण आणि आपलं लक्ष लगेच प्रकाशाकडे जातं. इथे अख्खं मनन 'चालणाऱ्या' या एका शब्दावर आहे, की ही माणसं प्रकाश दिसायच्या आधीपासून चालत होती, अंधारातच चालत होती, आणि देवाने त्यांना तसंच, चालणारे म्हणूनच ओळखलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि मग जरा वेळ पुढचं वाचताच आलं नाही. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की रात्री दोन वाजता उठून कूस बदलणं हेसुद्धा चालणंच आहे.

मला वाटतं या पुस्तिकेचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे की ती वाट बघायला लावते, 25 तारखेच्या आनंदावर थेट उडी मारत नाही. प्रस्तावनेत आगमनचक्राची गोष्ट थोडक्यात दिलीय, हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे आणि मुलं रोज विचारायची की ख्रिसमस कधी, म्हणून 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या 4 मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या 20 लहान लाल, रोज एक पेटवायची. म्हणजे "कधी" या प्रश्नाला उत्तर काय तर आजची एक मेणबत्ती. आजारी माणसाच्या घरात "कधी बरं वाटेल" हा प्रश्न रोज असतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटली. आम्ही चारच लावल्या, साध्या पांढऱ्या. पुस्तिकेत तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी असं लिहिलंय, पण रंगाचा आग्रह धरलेला नाही हे आवडलं.

दुसऱ्या आठवड्यात जखऱ्या येतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला म्हातारा याजक, मंदिरात धूप जाळायला गेलेला, गब्रीएल दूत सांगतो तुला मुलगा होईल, याचा विश्वास बसत नाही आणि वाचा जाते. हे पान मी आधी चाळून बघितलं आणि ठरवलं होतं की आईंपुढे, म्हणजे सासूबाईंपुढे, वाचायचं नाही. वाचा गेलेल्या माणसापुढे कसं वाचणार, त्यांना वाटायचं आपल्यालाही शिक्षाच झालीय. पण त्या दिवशी त्यांनीच डाव्या हाताने पुस्तिका ओढली, मग वाचावं लागलं. लिहिणाऱ्याने अविश्वासाची गोष्ट लपवलेली नाही, पण तिथेच थांबलेलाही नाही. आजारपण म्हणजे शिक्षा असा अर्थ या गोष्टीतून काढू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि मग सांगितलंय की जखऱ्या गप्प होता त्या महिन्यांत देवाचं काम त्याच्याच घरात वाढत होतं, त्याच्या बायकोच्या, अलीशिबाच्या पोटात, आणि मुलाचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा बोलता येत नव्हतं तरी त्याने पाटी मागून लिहून दिलं, योहान.

आईंनी बोटाने हवेत लिहिल्यासारखं केलं. मला आधी कळलंच नाही, मग पेन्सिल दिली. पाच रिकाम्या ओळींपैकी पहिल्या ओळीवर त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, अक्षर एवढं वाकडं की दुसऱ्या ओळीत उतरलं, वेलांटी निम्म्यात सुटली. माझं नाव होतं. मी दोन महिने त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते, त्या माझ्यासाठी करत होत्या हे मला त्या दिवशी समजलं.

2025 ला याच पानावर परत आलो तेव्हा त्या ओळीखाली त्यांनी अजून दोन नावं लिहिली, जरा सरळ अक्षरात.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीचं मननही छान आहे, जी यादी आपण सगळे पटापट उलटतो. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, ज्यांच्या आयुष्यात काही ना काही विस्कटलेलं होतं त्यांची नावं येशूच्या घराण्यात कशी ठेवली गेली यावर आहे, घरात कुणाला आपण नकोसे आहोत असं वाटत असेल त्याला हे पान नक्की वाचून दाखवा.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. तिसऱ्या आठवड्यातलं बुधवारचं मनन मला अजिबात नको वाटलं, विश्वास असला की चेहऱ्यावर हसू असतंच अशा सुराचं आहे आणि पहिल्या दोन आठवड्यांशी जुळत नाही, दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं. क्यूआर कोड स्कॅन करून ऑडिओ ऐकता येतो पण मागचं संगीत इतकं मोठं की शब्द दबतात, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या तर काहीच उपयोगाचं नाही, आम्ही दोन दिवसांत बंद केलं. आणि दिवसांचा हिशोब नीट समजावलेला नाही. आगमनकाळ 22 ते 28 दिवसांचा असतो, नाताळ कुठल्या वारी येतो त्यावर. 2024 ला 24 दिवस होते, 2025 ला 25, म्हणजे चौथ्या आठवड्यातली काही मननं बहुतेक वर्षी उरतात, आणि तीच तर मरिया, योसेफ आणि बेथलेहेमच्या वाटेची आहेत. मी पहिल्या वर्षी ती चुकवली, दुसऱ्या वर्षी शेवटच्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाचून पूर्ण केली, तुम्हीही तसं करा. 2026 ला पहिला रविवार 29 नोव्हेंबरला येतो, 26 दिवस मिळतील.

काही जण म्हणतात की पुस्तिका कशाला, लूकचे 24 अध्याय आहेत, 1 ते 24 डिसेंबर रोज एक वाचा. मी तेही केलंय आणि चांगलंच आहे, पण त्यात येशूचा जन्म 2 तारखेलाच होऊन जातो आणि 24 ला आपण रिकाम्या कबरेपाशी पोचतो. वाट बघणं राहून जातं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र शेवटी. पुस्तिका 25 ला संपते. 26 ला सकाळी आईंनी नेहमीप्रमाणे चष्म्याकडे बोट दाखवलं, मी पुस्तिका उघडली तर पुढे पान नाही. आणि खरं तर आमच्यासारख्या घरांना ज्यांची गरज आहे ती दोन म्हातारी माणसं नंतरच येतात, बाळाला मंदिरात आणतात तेव्हा, शिमोन आणि हन्ना. हन्ना विधवा, 84 वर्षांची, मंदिर सोडून जात नसे. पुस्तिकेत तिचं नावसुद्धा नाही. मग मी बायबलच काढलं, लूकचा दुसरा अध्याय, आणि हन्नाची ती तीन वचनं आईंना दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी परत बोट दाखवलं.