सवाई: रमणबागेतलं आणि मुकुंदनगरातलं

गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, म्हणजेच ‘सवाई’, सुरू केला. त्याची जागा नंतर बदलत गेली, पण पुणेकरांचा वाद दोनच मैदानांवर रंगतो: पूर्वीचं रमणबाग बरं की आताचं मुकुंदनगर.

रमणबाग म्हणजे शनिवार पेठेतली न्यू इंग्लिश स्कूल, टिळक-आगरकरांची १८८० सालची शाळा. तिथे मध्यंतरात चालत बाहेर पडायचं, चहा घ्यायचा, ओळखीचे चार जण भेटायचे. गाडी लावायला मात्र जागा शोधत हिंडावं लागायचं, आणि मांडवात मांडीला मांडी. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान ऐसपैस आहे. स्वारगेट जवळ, त्यामुळे बाहेरगावच्यांची सोय. पण आजूबाजूला पेठ नाही, आणि तीच उणीव मला खुपते.

पूर्वीची रात्रभराची मैफल आणि पहाटेची भैरवी मात्र मैदानामुळे गेली नाही. ध्वनिक्षेपकावर रात्री दहाची मर्यादा आली, ती दोन्हीकडे सारखीच. शेवटी सवाई गंधर्वांचं ध्वनिमुद्रण लागतं, तेव्हा कुठलं मैदान हे कोण बघतो?

गुडघे कुरकुरत असतील तर मुकुंदनगर बरं. मी अजून रमणबागवालाच.